नवस आणि डोस

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. सप्टेंबरचा किमोचा डोस पुढे ढकलून वेलंकनीच्या सणाला जावं का, असं विचारलं आहेस. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: डोस ढकलायचा नाही. आता कारणंही सांगते, नाहीतर ताईचा देवावरचा विश्वास उडाला असं तुला वाटायचं.

वेलंकनीची ओढ मला कळते. २९ ऑगस्टला झेंडा चढतो, तेव्हापासून ८ सप्टेंबरच्या सणापर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते. भगवे कपडे घालून दूरदूरहून चालत आलेले लोक, वाळूतून गुडघ्यांवर पुढे सरकणाऱ्या बायका, केस उतरवणारे भाविक; त्यांत हिंदूही आले. ताक विकणाऱ्या पांगळ्या पोराला मरियामातेने चालतं केलं, अशी तिथली कथा. तिला आरोग्यमाता म्हणतात ते त्यासाठीच. बांद्र्याच्या मोतमाउलीलाही आपली माणसं मेणाचे हात-पाय वाहतात. आपलं दुखणं असं आईसमोर ठेवण्यात लाजायचं काय? मागावं, आणि मोकळ्या मनाने मागावं.

पण मागणं निराळं आणि अट घालणं निराळं. ‘मी औषध सोडते, आता तू बरं करून दाखव’ ही देवाची परीक्षा झाली. सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन ‘उडी टाक, देवदूत झेलतील’ म्हटलं, तेव्हा येशूने नेमकी हीच गोष्ट नाकारली.

आणि चर्च स्वतः याबाबत किती सावध आहे बघ. १८५८ साली फ्रान्समधल्या लुर्द गावात बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या गरीब पोरीला मातेचं दर्शन झालं, एकदा नव्हे, अठरा वेळा. तेव्हापासून तिथल्या झऱ्यावर आजारी माणसं येताहेत. बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक घटनांची तिथे नोंद आहे. त्यांतले चमत्कार म्हणून चर्चने २०२५पर्यंत मान्य केले फक्त ७२. तिथे १८८३पासून डॉक्टरांचं कार्यालयच आहे. आजार गंभीर होता का, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ आहे का, उपचारांनी त्याचा उलगडा होतो का, हे सगळं तपासतात. त्यात वर्षानुवर्षं जातात. आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट नसतील तर तपासणार कशावरून? म्हणजे चमत्कारालासुद्धा फाईल लागते, बाय! तुझी जपून ठेव.

‘विश्वास कमी पडतो म्हणून गुण येत नाही’ असं कोणीतरी तुला ऐकवलं, ते वाचून मात्र माझं डोकं फिरलं. असं बोलणाऱ्याने बर्नादेतचं पुढे काय झालं ते वाचावं. लहानपणापासून दम्याने बेजार झालेली ती मुलगी नेव्हेरच्या मठात गेली आणि १८७९ साली, पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने वारली. जिच्या हातांनी तो झरा उघडला, तिचा विश्वास कमी होता म्हणायचं का? संत पौलाने अंगातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे, एवढंच उत्तर आलं. बरं न होणं ही आजाऱ्याची चूक नव्हे. हे मनात पक्कं धर, आणि पुन्हा कोणी बोललं तर माझ्याकडे पाठव.

मग यात्रेला जायचंच कशाला? लुर्दला मिरवणुकीत आजाऱ्यांना मानाची जागा असते. धडधाकट स्वयंसेवक स्वखर्चाने येऊन त्यांच्या गाड्या ओढतात. इथे दवाखान्याच्या रांगेत तू केस पेपरवरचा नंबर असतेस. तिथे सगळी गर्दी तुझ्यासाठी वाट सोडते. बहुतेक जण आजार घेऊनच घरी परततात, तरी पुन्हा जातात. आपण एकटे नाही, हे कळणंही माणसाला उभं करतं. भरवसा मी त्यालाच म्हणते: निकाल काय लागेल ते ठाऊक नसताना हात न सोडणं.

तेव्हा वेलंकनीला जाऊच, दोघी जाऊ. पण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना त्या गर्दीत नाही. सण दरवर्षी येतो आणि माता बाराही महिने तिथेच असते. केस वाहायचे म्हणशील तर ते किमोने आधीच नेलेत; मातेच्या नावे लिहून टाक.

तोवर एक काम कर. फादरांना निरोप धाडून आजाऱ्यांचा तेलाचा संस्कार घे. आपली जुनी माणसं त्याला मरणाचं तेल समजायची, म्हणून तू घाबरशील. तो मरणाऱ्यांसाठीच नाही, गंभीर आजारी असलेल्या प्रत्येकासाठी आहे. डोसच्या आदल्या दिवशी घे, आणि सकाळी वेळेवर हॉस्पिटलात जा. तिकिटं डॉक्टर ‘हो’ म्हणतील त्या दिवशी काढू.

तुझी,
ताई