मातीचा किल्ला

आश्विन महिना उतरणीला लागतो, भातखाचरे पिवळी होऊ लागतात आणि काळू नदीचे गढूळ पाणी हळूहळू निवळते. याच सुमारास टिटवाळ्यातील घरांपुढे आणि चाळींच्या अंगणांत मुलांची एकच धांदल उडते. कोणी घमेल्यातून माती वाहतो, कोणी दगड-विटा गोळा करतो, तर कोणी वाण्याकडून जुने गोणपाट मागून आणतो. दिवाळीचा किल्ला उभारायचा असतो ना!

बाजारही या सैन्यभरतीत मागे राहत नाही. नवरात्र आटोपले, की रस्त्याच्या कडेला किल्ल्यावरची चित्रे मांडली जातात. सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, भालदार, तुतारीवाला, ढाल-तलवार घेतलेला मावळा, तोफा, डोक्यावर मडके घेतलेली गवळण आणि गुहेत बसवायचा वाघ! साच्यात घडलेली ही चित्रे वाळली, की रंगाच्या चार फटकाऱ्यांनी त्यांच्यात जीव येतो. यंदा नवे काय आले आहे, हे मुलांच्या डोळ्यांना लांबूनच कळते. परंतु नव्याच्या भरतीने जुना शिपाई घरी बसत नाही. गेल्या साली हात मोडलेला मावळा बुरुजाच्या आड असा उभा केला जातो, की त्याचे व्यंग कोणाला दिसू नये.

अलीकडे आयते किल्लेही विकत मिळू लागले आहेत. अंगणांत फरशी आली, माती दुर्मीळ झाली. तेव्हा आयता किल्ला आणून मांडणे सोपे खरे. मात्र आयत्या किल्ल्यात सारे प्रश्न दुसऱ्यानेच सोडवलेले असतात. स्वतःच्या हातांनी किल्ला बांधणाऱ्याला पदोपदी विचार करावा लागतो. चिखलात भिजवलेले गोणपाट दगडांवर पसरताना सुळका कोठे आणि सपाटी कोठे, हे ठरवावे लागते. दरवाजा समोरच ठेवला, तर शत्रूला तो दुरून दिसेल; म्हणून रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड दडवलेला आहे, हे तेथे उमगते. गडावर पाणी नसेल, तर मावळे पिणार काय? मग वाटी पुरून टाके केले जाते. चारपाच दिवस आधी पेरलेले अळीव उगवून आले, की डोंगर हिरवागार दिसतो. इतिहासाच्या पुस्तकातील पाठ असा बोटांत उतरतो.

या मुलांना आदर्श शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या कल्याणला खाडीकाठी दुर्गाडी उभा आहे. 1657 साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि मराठ्यांच्या आरमाराच्या उभारणीशी या स्थळाचे नाव जोडले गेले. कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीने आसनगावला उतरले, की माहुलीचे सुळके दिसतात. 1636 साली शहाजीराजांना याच गडावर वेढा पडला होता. 1665 च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत माहुलीही होता. 1670 साली तो पुन्हा स्वराज्यात आला. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी आहे.

चिमुकल्या सैनिकांचा हा नाद केवळ आपल्याकडेच आहे, असे नाही. 1824 पासून प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना नकाशावर युद्धाचा खेळ खेळवून शिकवीत. 1913 साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळातल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगितले. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातले युद्ध किती तरी बरे, असे त्याचे म्हणणे होते. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. शहाण्यांनी खेळ सोडला आणि लक्षावधी माणसांचा बळी गेला.

वेल्सच्या खेळात दोन सैन्ये समोरासमोर उभी राहत. आपल्या मुलांच्या किल्ल्याकडे मात्र नीट पाहा. प्रतापगडाच्या पायथ्याशी कोणी अफझलखानाच्या भेटीचा देखावा मांडतो. पण एरव्ही बहुधा या किल्ल्यावर शत्रूचे सैन्य नसतेच. मावळे तटावर पहारा देत असतात आणि खाली गवळण निर्धास्तपणे बाजाराला निघालेली असते. शेतकरी शेत नांगरतो, विहिरीवर पाणी भरले जाते. तोफा असतात, पण त्या डागल्या जात नाहीत. गड कशासाठी असतो, हे त्या गवळणीच्या संथ चालीवरून कळते. ज्याच्या आश्रयाने माणसे निर्भयपणे आपापली कामे करतात, तो गड.

कधी परतीचा पाऊस येतो आणि रात्रीतून बुरुज ढासळतो. मुले क्षणभर हिरमुसतात. पण सकाळी पुन्हा चिखल कालवतात. शेवटी सुट्टी संपते, शाळा उघडतात. चित्रे कागदात गुंडाळून खोक्यात जातात आणि माती तुळशीवृंदावनात परत जाते. किल्ला मोडतो, पण तो उभारताना चार मित्रांनी मिळून केलेले श्रम आणि ढासळलेला बुरुज पुन्हा रचण्याची चिकाटी ही त्यांच्याजवळच राहते. पुढे मोठेपणी ती त्यांच्या उपयोगी पडते.