दुधावाचून स्वयंपाक

मैत्रिणींनो, दावणीला दोन म्हशी आणि घरात दुधाचा थेंबही न चालणारे मूल, असा आमच्या घरचा प्रकार आहे. धाकट्या मुलाचा मुलगा आता चार वर्षांचा आहे. दूध पोटात गेले की त्याच्या अंगावर गांधी उठत, ओठ सुजत. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, दुधातली प्रथिनेच याला सोसत नाहीत. दूध, दही, तूप, खवा सगळे बंद. आयाबाया म्हणाल्या, "म्हशीचं नको तर शेळीचं द्या." पण गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिने एकमेकांशी मिळतीजुळती असतात. एकीचे बाधले तर दुसरीचेही बहुधा बाधते. त्यात आमचे घर माळकरी, अंडेही चालत नाही. मग पोराला वाढवायचे कशावर?

सुनेने लातूरहून एक पाकपुस्तक आणले. दूध, तूप, मध, अंडे यांतले काहीही न घेता सारा स्वयंपाक. अशा आहाराला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात निघाला. पुस्तक चाळून आमचे हे म्हणाले, "मग म्हशी विकायच्या काय?" मी म्हटले, "म्हशी राहू द्या दावणीला. आधी करून तर बघू."

तुम्हाला सांगते, पुस्तकातले निम्मे पदार्थ आपलेच निघाले. मोठे नाव देऊन शेंगदाण्याचे सूप लिहिले होते. ती आपली एकादशीची दाण्याची आमटी! पिठले, ठेचा, जवसाची चटणी, मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, यांत दूध कधी होते? अडले ते काजू, बदाम आणि ऑलिव्हच्या तेलापाशी. आम्ही काजूच्या जागी भिजवलेले दाणे वाटून घेतले आणि तेल आपले करडईचे. दाणे नातू आधीपासून खात होता, म्हणून निर्धास्तपणे वापरले. सोयाबीन मात्र डॉक्टरांना विचारूनच दिले, कारण दूध न सोसणाऱ्या काही मुलांना सोयाबीनही सोसत नाही.

आमच्या भागात खरीप म्हणजे सोयाबीन. पोत्यांनी पिकते, पोत्यांनी आडतीवर जाते, चुलीपर्यंत काही येत नाही. तूरडाळीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनच्या १०० ग्रॅममध्ये ३५ ते ४० ग्रॅम!

त्याचे दूध असे करा. एक वाटी सोयाबीन निवडून रात्रभर भिजवा. सकाळी चोळून साले काढा. गरम पाणी घालून बारीक वाटा, म्हणजे उग्र वास कमी होतो. एकूण सहा वाट्या पाणी घालून फडक्यातून गाळा आणि ढवळत २० मिनिटे उकळा. सुरुवातीला फेस वर येतो, त्याला उकळी समजून भांडे उतरवू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारा घटक असतो, तो चांगल्या उकळण्याने जातो. चोथा टाकू नका. थालीपिठाच्या भाजणीत मिसळा आणि थालीपीठ झाकण ठेवून मंद आचेवर खरपूस भाजा. गरम दुधात लिंबू पिळून ते फाडले आणि फडक्यात बांधून वर पाटा ठेवला, की पनीरसारखी वडी होते. ती वांग्याच्या रश्श्यात घातली, तेव्हा यांनीच दुसऱ्यांदा वाढून घेतली.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पेरणीसाठी आणलेले बियाणे औषध लावलेले असते. त्यातला दाणाही स्वयंपाकाला घेऊ नका.

आता उणी बाजूही सांगते. सोयाबीनच्या दुधात प्रथिने चांगली, पण कॅल्शियम म्हशीच्या दुधाइतके नसते. ते दुसरीकडून भरावे लागते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून नातवाला नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी ठरलेली. हाडांना ते नीट लागावे म्हणून अंगावर ऊनही हवे. आणि बी-१२ नावाचे जीवनसत्त्व धान्य, डाळी, भाज्या यांतून मिळतच नाही. ते कमी पडले तर रक्त कमी होते, नसा दुबळ्या होतात. पाकपुस्तकात यावर एक ओळही नव्हती. नातवाला डॉक्टरांनी त्याचे औषध दिले आहे, ते आम्ही चुकू देत नाही.

सगळ्यांत अवघड गोष्ट पदार्थांची नव्हतीच. एकदा पाहुण्यांनी लाडाने त्याला पेढा भरवला आणि रात्री दवाखाना गाठावा लागला. "एवढ्याशाने काय होतं?" असे म्हणणारे घरोघरी असतात. त्यावर सुनेने तोड काढली. त्याच्यापुरते वेगळे पातेले ठेवायचे नाही. जेवणातली भाजी, आमटी, गोडधोड सगळ्यांचे एकच आणि बिनदुधाचे. ज्याला दूध-तूप हवे, त्याने शेवटी आपल्या वाटीत घ्यावे, आणि त्याचा चमचा वेगळा. पोळ्याच्या सणाला पुरणपोळी झाली, सोबत नारळाचे दूध घातलेली गुळवणी. पंगतीत नातू सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसला, आणि तेच जेवला. आता तो कुणी काही दिले की स्वतःच विचारतो, "यात दूध हाय का?"

तुमच्या घरी असे मूल असेल, तर त्याला हट्टी म्हणू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. पुष्कळ मुलांना पुढे वाढत्या वयात दूध सोसू लागते. पण ते डॉक्टरांनीच तपासून ठरवायचे. आपण चमचाभर पाजून परीक्षा घ्यायची नाही. आणि असे मूल घरी असो वा नसो, यंदा आडतीवर माल पाठवाल तेव्हा पायलीभर सोयाबीन घरच्या डब्यात काढून ठेवा.