शब्दाला उत्तर




"मी काम करलं," असं तीन वर्षांचं मूल म्हणतं, तेव्हा घरातले हसतात किंवा टोकतात. खरं तर त्या एका शब्दात मोठं काम झालेलं असतं. बसलं, उठलं, पडलं ही रूपं मुलाने रोज ऐकलेली असतात. त्यांतून त्याने आपलं आपण ताडलेलं असतं की शेवटी 'लं' लावलं की झालेली गोष्ट सांगता येते. तोच नियम ते 'कर'ला लावतं, 'दे'ला लावून 'देलं' म्हणतं. 'केलं' आणि 'दिलं' हे अपवाद पुढे ऐकून ऐकून बसतात. भाषा पाठ करून येत नाही, याचा याहून चांगला पुरावा घरात दुसरा सापडणार नाही.

पहिला अर्थपूर्ण शब्द साधारण वर्षाच्या सुमारास येतो. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान शब्दांच्या जोड्या लागू लागतात : 'बाबा भूर', 'अजून दूदू'. तिसऱ्या वर्षी छोटी वाक्यं येतात, चौथ्या वर्षी काल घडलेलं सांगता येतं आणि 'का?' सुरू होतो. मुलामुलांत दोन-चार महिन्यांचा फरक असतोच. समज मात्र बोलण्याच्या बरीच पुढे असते. दोनच शब्द बोलणारं मूल 'आजीची चप्पल आण' म्हटलं की बरोबर तीच चप्पल घेऊन येतं. उच्चार सगळ्यांत मागून येतात. र, ळ, ण आणि जोडाक्षरं जिभेवर बसायला वेळ लागतो. त्यासाठी चार वर्षांच्या मुलाला दर वाक्याला अडवलं, तर ते बोलणंच कमी करतं.

या वयात मुलाला सगळ्यांत जास्त गरज असते ती उत्तराची. आई पोळ्या लाटते आहे, मूल ओट्याशी उभं आहे आणि म्हणतं, "पोली पलली." 'नीट बोल, पोळी म्हण,' असं आई म्हणाली तर बोलणं तिथेच संपतं. नुसतं 'हं' म्हटलं तरी संपतं. पण 'हो रे, पोळी पडली! ताटातून खाली पडली. आता ही कोणाला द्यायची?' असं म्हटलं की तीन गोष्टी एकदम होतात. मुलाला आपलं म्हणणं पोचल्याचं कळतं, शुद्ध रूप न टोकता कानावर पडतं आणि त्याच्या दोन शब्दांना आणखी चार शब्द जोडले जातात. यानंतर थांबायचं असतं, आणि नेमकं तेच मोठ्यांना जमत नाही. मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो. मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजले, तर बहुतेक वेळा "काऊला" असं उत्तर येतं.

'हा कोणता रंग?', 'हे काय आहे?' असे प्रश्न म्हणजे परीक्षा. उत्तर मोठ्यांना आधीच ठाऊक असतं, हे मुलालाही कळतं. 'मग काय झालं असेल?', 'ती का रडते?' या प्रश्नांनी बोलणं वाढतं. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली याच धर्तीवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. चित्रांचं पुस्तक वाचताना प्रश्न विचारायला, मुलाच्या उत्तरात भर घालायला काही पालकांना शिकवलं. तेवढ्याच वेळा, पण नेहमीसारखं वाचून दाखवणाऱ्या पालकांच्या मुलांपेक्षा ही मुलं महिनाभरात बोलण्यात पुढे गेली.

चिऊ-काऊची गोष्ट हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे. काऊ दार ठोठावतो आणि चिऊ दर वेळी बाळाचं काहीतरी कारण सांगते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या या बोलण्यामुळे तिसऱ्या दिवशी मूल चिऊचं उत्तर स्वतःच देऊ लागतं. म्हणून तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली, तर कंटाळू नये.

अंगणवाडीत पंचवीस-तीस मुलं असताना प्रत्येकाशी असं बोलणं सेविकेला अवघड वाटतं. खिचडी वाढताना मात्र प्रत्येक मूल मिनिटभर समोर असतं. 'आज घरी कोण आलंय?' एवढं विचारून उत्तर ऐकायला ते मिनिट पुरतं. मदतनीसही हे करू शकते.

उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं, हा प्रश्न महाराष्ट्रात खरा आहे. पालघरच्या पाड्यांवर मूल वारली बोलत येतं, मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया. कोरकू मुंडा कुळातली आणि माडिया द्राविडी कुळातली. मराठी या दोन भाषा बोलणाऱ्या मुलांना अगदी परकी असते. याच पालघर भागात शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच पाड्यावरच्या अंगणात जायचं, हा त्यांचा विचार होता. 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेत 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. अंगणाबरोबर अंगणातली बोलीही वर्गात यायला हवी. मुलाने कोरकूत सांगितलेलं सेविकेने समजून घ्यावं, ते मराठीत म्हणून दाखवावं आणि तिने स्वतःही दहा-वीस कोरकू शब्द शिकावेत.

शहरात घरची भाषा डावलण्याची चूक उलट्या बाजूने होते. इंग्रजी शाळेच्या धास्तीने आई-वडील 'वॉटर पी', 'शूज घाल' असं बोलू लागतात. ज्या भाषेत त्यांना रागावता येत नाही, गोष्ट रंगवता येत नाही, त्या भाषेत ते मुलाला फार थोडं देऊ शकतात. घरी मराठी भरपूर बोललं, तर इंग्रजीचं काही बिघडत नाही. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाची वाढ खुंटते, हा समजही चुकीचा आहे.

मोबाइलवरची गाणी मूल तोंडपाठ म्हणतं, पण मोबाइल त्याच्या बोलण्याला उत्तर देत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिवसाला एक तास सांगितली आहे आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नाही.

काही खुणांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर थांबू नये. 'याचा बापही उशिराच बोलला' या समाधानात मोलाचे महिने जातात. सगळ्यांत आधी कान तपासावेत, कारण ऐकू कमी येत असेल तर बाकीचे उपाय वाया जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. असं मूल दिसलं तर पथकाच्या पुढच्या फेरीची वाट न पाहता, त्याच्या आईला सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.