धावपट्टीचा शॉकअप, वावरचा शॉकअप

• शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. ते काम स्प्रिंगचे किंवा पाट्यांचे. शॉकअप फक्त त्यांचे झुलणे आवरतो: आतले तेल पिस्टनच्या बारीक भोकांतून दाबून काढतो आणि हालचालीची उष्णता करतो. जीप मागून बसते म्हणून कडक शॉकअप टाकणे फुकट. पाटा वाढवा.

• ड्रॅग रेस म्हणजे पाव मैल, 402 मीटर. लोणावळ्याच्या बाजूला ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. तिथे खड्डा नाही, वळण नाही. तरी शॉकअप महत्त्वाचा, कारण सुटताना वजन मागे सरकते. ते किती आणि किती वेगाने सरकू द्यायचे, हे तोच ठरवतो.

• जुने अमेरिकन ड्रॅगवाले पुढे ‘90/10’ लावत: उघडताना हलका, मिटताना जड. नाक झटकन वर, खाली सावकाश. मागची चाके जमीन धरतात.

• आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची ओढ मात्र पुढच्या चाकांवर. तिथे वजन मागे गेले की पुढचे टायर नुसते फिरतात. म्हणून हिशेब उलटा: मागचा दबताना कडक, पुढचा उघडताना कडक. व्हिडिओ पाहून संच मागवण्याआधी ओढ कुठल्या चाकांवर आहे ते बघावे.

• ड्रॅगची धाव काही सेकंदांची. शॉकअप तापायच्या आत संपते. जव्हारहून वावर गावाकडे भरून निघालेल्या जीपचे तसे नाही. खराब रस्त्यावर तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि फेस काही अडवत नाही.

• यावर उपाय एकनळी गॅसचा शॉकअप. त्यात तेल आणि गॅस यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो, म्हणून फेस होत नाही. बिल्स्टाइनने 1957 मध्ये तो मर्सिडीजला दिला. पण दगड लागून नळीला पोचा पडला तर आतला पिस्टन अडकतो. दुहेरी नळी बाहेरचा पोचा सोसते. धावपट्टीला एकनळी, दगडगोट्यांना चांगली दुहेरी.

• घेताना: उघडण्याचा आणि मिटण्याचा स्क्रू वेगळा हवा. जोडीतल्या दोघांचा वेग-दाबाचा आलेख मागावा. दोन रेषा जुळल्या नाहीत तर गाडी सुटताना एका बाजूला ओढेल. पूर्ण उघडी आणि पूर्ण मिटलेली लांबी मोजावी. स्प्रिंगच्या आधी शॉकअप तळाला टेकला तर दांडा वाकतो.

• शॉकअप बनवणारी गॅब्रिएल कंपनी 1961 मध्ये मुलुंडला सुरू झाली. तिचा एक कारखाना नाशिकला, म्हणजे मोखाडा-त्र्यंबक ओलांडले की पलीकडेच. तरी नकली माल येतोच. पावती घ्यावी, दांडा हाताने ओढून दोन्ही बाजूंची अडवणूक जोखावी.

• 1992 च्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी वावर-वांगणी हे नाव राज्यभर गेले. आजारी मूल किंवा बाळंतीण जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयात न्यायची, तर रस्ताही त्या उपचारातच धरावा लागतो. रुग्ण नेणाऱ्या जीपचे पाटे फार जाड नकोत. शॉकअप मात्र उघडताना घट्ट हवा. खड्ड्यानंतर वर उसळणारा झटका तोच कमी करतो.

• पैसे थोडे असतील तर आधी टायर, मग शॉकअप, मग इंजिन.

• नाक वर राहणाऱ्या गाडीला ब्रेक लावताना पुढच्या चाकांवर वजन उशिरा येते. शर्यतीनंतर त्याच गाडीने घाट उतरायचा असेल, तर स्क्रू परत फिरवूनच निघावे.