उंबरठ्यापासून अंथरुणापर्यंत

परदेशी असलेल्या मुलांकडे जाण्याचा विषय घरात निघाला, की पहिला प्रश्न येतो तो विमानाला किती तास लागतात हा. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आणि थेट विमानाला १५ ते १६ तास. हे उत्तर खरे असले, तरी वयोवृद्ध प्रवाशासाठी अपुरे आहे.

माझे वडील ७८ वर्षांचे, लातूरला राहतात. मी नांदेडला आणि धाकटा भाऊ न्यूयॉर्कजवळ. लातूरहून नांदेडला ते अजूनही एस.टी.ने एकटे येतात. भावाला मुलगी झाली आणि नातीला मांडीवर घेण्याची त्यांची ओढ लपेनाशी झाली. मात्र वीस वर्षांचा मधुमेह आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन. म्हणून आम्ही हिशेब मांडला, तो विमानतळापासून नव्हे, तर लातूरच्या घरापासून. मुंबईपर्यंत रात्रभराची रेल्वे, मध्यरात्रीनंतरच्या विमानापर्यंत दिवसभराची प्रतीक्षा, मग १६ तास, पुढे तपासणीच्या रांगा आणि मोटारीचा प्रवास. बेरीज ४० तासांच्या वर गेली! वडील शांतपणे म्हणाले, "सोळा तास मी बसून काढीन; बाकीच्यांचं तुम्ही बघा."

त्या 'बाकीच्या' तासांसाठी आम्ही मुंबईत आप्तांकडे दोन रात्रींचा मुक्काम ठेवला. डॉक्टरांना महिनाभर आधी भेटलो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. पश्चिमेकडे जाताना दिवस तेवढा लांबतो. त्यामुळे इन्सुलिनच्या वेळा व मात्रा त्यांनीच लिहून दिल्या. आपणही हे अंदाजाने ठरवू नये. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. सामानकक्षातील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते. सोबत औषधांची चिठ्ठी असावी.

दीर्घकाळ बसून राहिल्याने पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. अर्थात मूळ धोका अल्प, निरोगी प्रवाशांत ६,००० मध्ये एखाद्यास. हा नियम रेल्वे व बसलाही लागू आहे. म्हणून वडिलांसाठी येण्याजाण्याच्या वाटेलगतचे आसन घेतले. जागेपणी दर तासाला घोटे फिरवणे, शक्य तेव्हा चार पावले चालणे आणि घोट घोट पाणी पिणे, हे त्यांनी कटाक्षाने पाळले. विमानातील हवा फार कोरडी असते, हे विसरू नये. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवली होती. प्रारंभी त्यांना ती कमीपणाची वाटली. लांबलचक रांग पाहिल्यावर मात्र ते मुकाट्याने बसले.

पोहोचल्यावर दोन दिवस त्यांना रात्री झोप नव्हती, पण पायांवर सूज नव्हती. तिसऱ्या सकाळी नात त्यांच्या मांडीवर निजली.

आपल्या घरीही असा बेत असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी एक कागद घ्यावा. आपल्या उंबरठ्यापासून तिकडच्या अंथरुणापर्यंतचे सारे तास, जेवणे, औषधे आणि विसावे त्यावर मांडावेत. आणि हा कागद ज्येष्ठांच्या शेजारी बसून लिहावा. प्रवास त्यांचा आहे.