माहेरची सनद

भिवपुरी रोड स्थानकाजवळ किराणा पेढी चालविणाऱ्या एका कुटुंबात बेळगावची सून आली. माहेरी ती चार वर्षे सी.ए. म्हणून स्वतंत्र व्यवसाय करीत होती. लग्नाच्या बैठकीत तिच्या शिक्षणाचे कौतुक सर्वांनी केले. व्यवसायाचे पुढे काय, हे मात्र कोणीच विचारले नाही.

सासऱ्यांचा समज सरळ होता. पेढीचा गुमास्ता जागेशी बांधलेला. जागा बदलली की कागद नवा. मग कर्नाटकातील परवाना महाराष्ट्रात कसा चालणार? पुन्हा परीक्षा देण्यापेक्षा सूनबाईंनी घरची वहीखाती पाहावीत, असे त्यांनी मनाशी ठरविले होते. नव्या घरात हा विषय कसा काढावा, या संकोचाने सूनही गप्प राहिली. पंचविसाव्या दिवशी मात्र ती बोलली.

"बाबा, व्यावसायिक पत्ता बदलला की संस्थेला महिन्याच्या आत कळवावे लागते. आता पाचच दिवस उरले आहेत."

"आणि परीक्षा?"

"परीक्षा नाही, बाबा. सभासद क्रमांकसुद्धा तोच राहतो."

सासऱ्यांना नवल वाटले. एके काळी त्यांचा तर्क बरोबर ठरला असता. १९१३च्या कंपनी कायद्याखाली प्रांतिक सरकारे लेखापरीक्षकांना प्रमाणपत्रे देत आणि त्यांतील काही त्या प्रांतापुरतीच चालत. १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट कायदा अमलात आला आणि देशभर एकच नोंदवही झाली. अमेरिकेत आजही प्रत्येक राज्याचे मंडळ आपापला परवाना देते. आपल्याकडे सभासदाचे नाव दक्षिण विभागीय परिषदेतून पश्चिम विभागीय परिषदेकडे जाते, एवढेच.

राज्याची वेस आडवी येते ती करांच्या बाबतीत. जीएसटीची नोंदणी राज्यवार असते. कर्नाटकाचा क्रमांक २९ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ने. व्यवसाय कराची नोंदही नव्या राज्यात करावी लागते.

"मग आपल्या पेढीच्या हिशेबावर आता घरचीच सही!" सासरे आनंदाने म्हणाले.

"नाही बाबा. नात्यातल्या पेढीच्या लेखापरीक्षणावर सही न करणे हे आमचे पथ्य आहे. सल्ला मात्र हवा तेव्हा देईन."

सासरे क्षणभर थांबले. पन्नास वर्षे त्यांनी तराजू धरला होता; तो आपल्या माणसाकडे झुकू द्यायचा नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेढीवरची मालाची खोली रिकामी करून घेतली आणि पाटी रंगविणाऱ्याला बोलावले.

"नाव कोणते लिहायचे?"

"सध्या नोंदवहीत आहे तेच, बाबा."

बेळगावची अशिले तिच्याबरोबर आली नाहीत; विश्वासाची बदली कोणत्याही अर्जाने होत नाही. तो भिवपुरीत पुन्हा पहिल्यापासून मिळवायचा आहे. पण पाटी लागली आहे: वर माहेरचे आडनाव, खाली सासरचा पत्ता.