माडगरुडाची फणस-वेळ

आमच्या परड्यामागे डोंगर सुरू होत असे. तिळारीच्या खोऱ्यात सह्याद्रीचा पाय जिथे जमिनीला टेकतो, तिथलं ते रान. कागदावर ते आमचंच, खाजगी मालकीचं. दोडामार्ग तालुक्यातलं बरंचसं जंगल असंच सातबाऱ्यावर नावं असलेलं आहे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. लहानपणी वाटायचं, रान म्हणजे देवाचं.

डोंगराच्या मध्यावर बेहड्याचं एक जुनं झाड होतं. दोघांच्या कवेत मावणार नाही असं खोड आणि वीसेक हात उंचीवर ढोली. फणस धरायच्या दिवसांत माडगरुडाची जोडी तिथे यायची. पुस्तकांत त्याला धनेश म्हणतात. मादी ढोलीत शिरे आणि विष्ठा व फळांचा चोथा लिंपून तोंड बुजवून घेई. चोचीपुरती फट तेवढी राही. आत ती पिसं गाळते, म्हणजे काही काळ तिला उडताच येत नाही. त्या दिवसांत तिचा सगळा जीव बाहेरच्या नरावर. तो वडाउंबरांची फळं गळ्यात साठवून आणी आणि एकेक करून फटीतून आत देई.

तो येताना आधी आवाज यायचा. खळ्यात कुणी सुपाने भात पाखडावं तसा पंखांचा दमदार आवाज. आजी हातातलं काम थांबवून वर बघे. आम्ही पोरं ओरडायला लागलो की म्हणे, "गप ऱ्हवा रे, तो घरकारणीक भरवता." हे तिने इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्या ढोलीकडे दगड मारायची आमची कधी छाती झाली नाही.

2009 च्या मार्चमध्ये काकांनी डोंगर रबरासाठी दिला. त्यांना दोष देणं मला जमत नाही. घराचं छप्पर गळत होतं, मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि त्या रानातून वर्षाला मिळायचं ते शिकेकाई आणि सरपण. तोडीचा हंगाम उन्हाळ्याचा, पावसाच्या आधीचा. माडगरुडाची मादी ढोलीत असते तोही तोच हंगाम. करवतीचा आवाज आठ दिवस चालला. बेहडा सहाव्या दिवशी पडला.

मी त्या वेळी पणजीला नोकरीला होतो. आईने नंतर सांगितलं, की नर दोन दिवस येत होता. चोच फळांनी भरलेली, आणि बसायला फांदी नाही. आई पडलेल्या खोडाजवळ गेली होती. ढोलीत काय दिसलं ते तिने मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या डोंगरावर आज हिरवंच आहे, हे बाहेरून येणाऱ्याला समजावणं कठीण जातं. रबराची झाडं रांगेत उभी आहेत, सालीवर तिरकी चीर, खाली चिकाची वाटी. सावली दाट आहे. पण खाली झुडूप वाढू देत नाहीत, आणि वर माडगरुडाने खावं असं फळ नाही. रबराची बोंडं तडकायच्या दिवसांत फटाफट आवाज येतात, तेवढीच जाग.

आमच्यासारखे डोंगर ओळीने गेले. रबर, अननस, काजू. जनावरांच्या वाटाही याच डोंगरांतून होत्या. 2002 साली कर्नाटकातून हत्ती आमच्या तालुक्यात उतरले, तेव्हा बायकांनी आधी त्यांना गणपती म्हणून हात जोडले. पुढे माड आणि केळी आडव्या होऊ लागल्या तसे ते हात खाली आले. 2015 मध्ये माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले गेले आणि त्यांतले दोन मेले. 2020 च्या जानेवारीत डोंगरापलीकडे गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषाने मेली. वाघ आणि हत्ती डोंगरांच्या याच पट्ट्यातून ये-जा करतात. आमचा डोंगरही त्या वाटेवरचाच.

सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यात उच्च न्यायालयाने 2013 साली वृक्षतोडीला मनाई केली. 2020 साली तिळारीचं 29.53 चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव झालं. बातमी वाचताना मी पहिल्यांदा आकड्याच्या आत आमचा डोंगर बसतो का, ते शोधलं. बसत नव्हता.

हेवाळे-बांबर्ड्याला भालांडेश्वराच्या राईत मी अजून जातो. तिथे रानजायफळाची दलदल आहे, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं आहेत. गावकऱ्यांनी देवाच्या धाकाने राखली म्हणून ती उरली. तिथे गेलो की मी बराच वेळ वर बघत उभा राहतो.

बेहडा पडल्यानंतर आजी सहा वर्षं होती. शेवटी शेवटी तिला हाक ऐकू येत नसे, समोर जाऊन बोलावं लागे. पण आई खळ्यात तांदूळ पाखडायला बसली, की ती ओटीवरून मान वर करून डोंगराकडे बघायची. आई मग सूप खाली ठेवायची आणि घरात जाऊन पाखडायची.